छर्‍याची बंदूक : खंदक, जंगल आणि कुलूप

रायफलची नळी आतून आटेदार असते. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि शेकडो मीटरवरचा नेम साधता येतो. शॉटगनची नळी मात्र आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एका गोळीऐवजी छर्‍यांचा झुबका सुटतो आणि पुढे जाता जाता पसरतो. कोकणात रानडुकरांपासून शेत राखणारी ठासणीची बंदूक आणि शिकार्‍यांची दुनळी ही याच कुळातली. ‘बारा बोअर’ हे मापही जुन्या काळचे आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटरची. आकडा वाढला की नळी अरुंद होते आणि हा उलटा हिशेब नवख्याला हमखास चकवतो.

सर्वच सैनिकांच्या बंदुका गुळगुळीत नळीच्या होत्या, तेव्हा शॉटगन हे वेगळे हत्यार मानण्याचे कारण नव्हते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनने सैनिकांना एका गोळीसोबत काही मोठे छर्रे ठासायला सांगितले होते. गोळी चुकली तरी एखादा छर्रा लागेल, असा साधा विचार त्यामागे होता. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या घोडदळातले अनेक स्वार घरची दुनळी घेऊनच आले. पुढे आटेदार नळीच्या रायफलींनी मैदान व्यापले आणि शॉटगन शिकारी, पहारेकरी व टपालगाड्यांचे रक्षक यांच्याकडे गेली.

ती लष्करात परतली अमेरिकी बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यामुळे. त्याने बेतलेली विंचेस्टर मॉडेल 1897 ही पंप पद्धतीची बंदूक होती. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि पुढे ढकलली की नवे आत बसे. फिलिपिन्समध्ये हातघाईच्या हल्ल्यांना तोंड देताना अमेरिकी सैन्याने ती 1900 च्या सुमारास वापरून पाहिली.

तिचे खरे नाव झाले पहिल्या महायुद्धात. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा फ्रान्समधली लढाई खंदकांत रुतलेली होती. खंदकाच्या नागमोडी वळणावर शत्रू समोर येई तो पाच-दहा पावलांवर. तिथे लांब नळीची रायफल वळवणेही अवघड होते. विंचेस्टरची नळी म्हणून 20 इंचांवर आणली. नळीवर भोके पाडलेला पोलादी पत्रा बसवला, तो केवळ शोभेचा नव्हता. सलग बार काढल्यावर नळी इतकी तापे की हात लावता येत नसे, आणि संगिनीने लढायचे तर नळीच हातात धरावी लागे. पत्र्याच्या पुढच्या टोकाला 17 इंची पात्याची संगीन अडकवायची सोय होती. नळकांड्यात पाच आणि नळीत एक अशी सहा काडतुसे मावत. प्रत्येक काडतुसात साडेआठ मिलिमीटरच्या आसपासचे नऊ छर्रे असत. या बंदुकीचा चाप दाबून धरला आणि मूठ नुसती मागेपुढे केली, तरी दर वेळी बार उडे. म्हणजे काही सेकंदांत 54 छर्रे.

शत्रूने या हत्याराची दखल कशी घेतली, हे कागदोपत्री नोंदलेले आहे. 1918 च्या जुलै आणि सप्टेंबरमध्ये जर्मनांनी शॉटगन बाळगणारे दोन अमेरिकी सैनिक पकडले. 19 सप्टेंबर 1918 रोजी जर्मन सरकारने स्वित्झर्लंडमार्फत अमेरिकेकडे निषेध पाठवला. 1907 च्या हेग कराराच्या नियमावलीतील कलम 23 मध्ये अनावश्यक यातना देणार्‍या शस्त्रांना बंदी आहे आणि शॉटगन त्यात मोडते, असा जर्मनीचा दावा होता. निषेधाबरोबर धमकीही होती: ज्या कैद्याजवळ अशी बंदूक किंवा तिची काडतुसे सापडतील, त्याला प्राणाला मुकावे लागेल. अमेरिकी लष्कराच्या कायदा विभागाने मत दिले की छर्रे ही काही नवी क्रूरता नव्हे. तोफेच्या फुटणार्‍या गोळ्यातही हेच तत्त्व असते, आणि मशीनगनही गोळ्यांचा असाच मारा करते. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी 28 सप्टेंबरला उत्तर धाडले: शॉटगनचा वापर थांबणार नाही, आणि एकाही अमेरिकी कैद्याला शिक्षा झाली तर त्याचा बदला घेतला जाईल. अवघ्या सहा आठवड्यांत युद्ध संपले. या कारणावरून कोणा सैनिकाला मारल्याची नोंद नाही. 1915 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन वायू सोडणार्‍या सैन्याने यातनांचा मुद्दा काढावा, यातला उपरोध त्या काळीही लोकांच्या ध्यानात आला असणार.

खंदकात या बंदुकीला शत्रूपेक्षा जास्त छळले ते ओलीने. काडतुसांचे आवरण कागदी पुठ्ठ्याचे होते. चिखलपाण्यात ते फुगे आणि मग नळीत शिरत नसे. पुढे पितळी काडतुसे आली आणि दुसर्‍या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर, दमट जंगलांत, अमेरिकी मरीन सैनिकांना तीच उपयोगी पडली. प्लॅस्टिकचे काडतूस त्याहीनंतरचे, 1960 च्या सुमाराचे. ब्रिटिशांनी मलायातल्या बंडाच्या काळात, 1948 नंतर, ब्राउनिंगच्याच आराखड्याची अर्धस्वयंचलित शॉटगन गस्तीच्या तुकड्यांना दिली. दाट झाडीत शत्रू दिसे तो क्षणभरच. नेम धरायला वेळ नसे, आणि छर्‍यांचा पसारा ती उणीव भरून काढी. व्हिएतनाममध्येही गस्तीच्या पुढे चालणार्‍या अमेरिकी शिपायाच्या हातात पुष्कळदा इथाका 37 ही पंप शॉटगन असे. नौदलाच्या कमांडोंनी तर तिच्या तोंडाला बदकाच्या चोचीसारखा चपटा भाग बसवला. त्यामुळे छर्रे उभे न पसरता आडवे पसरत.

पण मर्यादा तीच राहिली. 30-40 मीटरांपुढे छर्‍यांचा भरवसा नाही, काडतुसे जड, आणि एकेक करून भरावी लागतात. म्हणून शॉटगन हे तुकडीतल्या एखाद-दुसर्‍याचेच हत्यार राहिले, आणि त्या माणसाजवळ लांबवर मारा करणारे दुसरे काही नसे. दोन बंदुका वागवणे हा पाठीला आणि खांद्याला शिक्षा देणारा उपाय. मग शॉटगनच रायफलीखाली टांगली तर?

कल्पना अगदी अनोळखी नव्हती. व्हिएतनाममध्ये एम-79 या ग्रेनेड फेकणार्‍या बंदुकीसाठी 20 छर्‍यांचे 40 मिलिमीटरचे काडतूस निघाले होते, आणि पुढे एम-16 रायफलीखाली बसणार्‍या एम-203 मधूनही ते डागता येई. मात्र दर बाराला नळी उघडून नवे काडतूस घालावे लागे. 1980 च्या दशकात नाइट्स आर्मामेंट कंपनीने रेमिंग्टन 870 या पंप शॉटगनचा दस्ता काढून, नळी आखूड करून ती एम-16 च्या खाली बसवली. वापरताना रायफलचे मॅगझिनच मूठ म्हणून धरायचे. तिचे नाव ठेवले ‘मास्टरकी’. यातच कामाचा बदल दिसतो. आता माणसापेक्षा दार हे लक्ष्य होते. कुलूप किंवा बिजागरी उडवायची, शॉटगन तशीच राहू द्यायची आणि हातातल्याच रायफलीने आत शिरायचे.

दार उडवण्याचे काडतूसही वेगळे असते. त्यात धातूची भुकटी मेणात घट्ट बसवलेली असते. कुलपावर आदळताच तिचा चुरा होतो, त्यामुळे दारापलीकडच्या माणसाला इजा होण्याचा धोका घटतो. मास्टरकीची अडचण इथेच होती. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक भरलेली असत, त्यामुळे दाराचे काढून छर्‍यांचे घालायला वेळ जाई, आणि रायफलीखाली पंप ओढणे हाताला अवघड पडे.

सी-मोर कंपनीने 1990 च्या दशकाच्या अखेरीस विकसित करायला घेतलेल्या बंदुकीने हे दोन्ही सोडवले. अमेरिकी लष्करात ती एम-26 म्हणून आली. तिला तीन किंवा पाच काडतुसांचे काढघालीचे मॅगझिन आहे आणि बाजूची कळ सरळ मागे ओढून पुढे ढकलायची असते. डावखुर्‍या शिपायासाठी ती कळ दुसर्‍या बाजूला बसवता येते. नळी जेमतेम 20 सेंटीमीटरची आहे. तिच्या तोंडाशी पुढे सरकणारा एक भाग असतो. तो दाराला टेकवला की योग्य अंतर आपोआप राखले जाते. दस्ता जोडला तर तीच स्वतंत्र बंदूक होते. अफगाणिस्तानात तिचा मर्यादित वापर आधीच झाला, आणि मोठ्या प्रमाणावर वाटप 2011-12 च्या सुमारास सुरू झाले.

सुट्या शॉटगनही लष्करातून गेलेल्या नाहीत. अमेरिकी मरीन दलाने इटालियन बेनेली एम-4 ही 1999 मध्ये निवडली. शॉटगनचा एक जुना उपयोगही नव्याने पुढे आला आहे. दुसर्‍या महायुद्धात विमानातल्या मशीनगन चालवणार्‍यांना उडत्या लक्ष्याचा सराव व्हावा म्हणून मातीच्या चकत्यांवर शॉटगन चालवायला लावत. 2022 नंतर युक्रेनच्या आघाडीवर तोच नेम खर्‍या कामी आला आहे. अंगावर चालून येणारे छोटे ड्रोन पाडायला दोन्ही बाजूंचे सैनिक शॉटगन वापरतात, आणि तिथेही पल्ला साधारण पन्नास मीटरांच्या आतच आहे.