मुंबईतील घरगुती वीज आणि मुळशीची भूमी

मुंबईतील घरगुती विजेचा इतिहास सामान्यतः १९०५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीपासून सांगण्याची प्रथा आहे. ही मांडणी ग्राहकाच्या बाजूने सोयीची, परंतु अपुरी होय. १९१५ साली लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी वीज निर्माण केली, ती प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी. घरांतील दिवे व पंखे हे पुढे त्याच विजेचे धाकटे वाटेकरी झाले. यास्तव पाणी जेथे अडविले त्या भूमीचे दप्तरही या विषयाचे साधन मानले पाहिजे.

मुळा-निळा संगमावरील मुळशीच्या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेण्यात आल्या. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. येथे बाधितांना एकजिनसी वर्ग समजणे चुकीचे ठरेल. कुळांना भाताची खाचरे हवी होती. पुण्यातील सावकार-जमीनदारांपैकी पुष्कळांना मात्र रोख मोबदला पुरेसा वाटला. (सत्याग्रहाच्या गौरवपर लेखनात ही बाब बहुधा दबून जाते.) १९२४ च्या सुमारास चळवळ ओसरली, १९२७ साली भिरा येथील केंद्र सुरू होऊन मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईस जाऊ लागली.