सीमा सरकल्या, शेजारी हरपले

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ही माणसे सायबेरिया, मध्य आशिया व इराण असा प्रवास करीत भारतात पोहोचली होती. १९४५ साली महायुद्ध संपले. तरीही त्यांतील अनेकजण मायदेशी परतले नाहीत. असे का व्हावे?

कारण त्यांचे गाव जागेवर होते, पण ते आता पोलंडमध्ये नव्हते. विजयी राष्ट्रांच्या बाजूने लढूनही पोलंडचा नकाशा पश्चिमेकडे सरकविण्यात आला. ल्वूफ, विल्नो ही शहरे सोव्हिएत संघात गेली; जर्मनीची ब्रेस्लाऊ व श्टेटिन ही शहरे व्रोत्सवाफ व श्चेचिन या नावांनी पोलंडला मिळाली. लक्षावधी पोलिश आणि जर्मन कुटुंबांना घरे सोडावी लागली. शिवाय देशात आलेली कम्युनिस्ट राजवट १९८९ पर्यंत टिकली.

युद्धात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांतील जवळजवळ निम्मे ज्यू होते. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याच्या चित्रांचा आधार घेऊन तेथील जुने नगर पुन्हा उभारले गेले. भिंती अशा परत आल्या. शेजारी मात्र आले नाहीत. युद्धापूर्वी देशातील सुमारे एकतृतीयांश लोक ज्यू, युक्रेनियन, बेलारूशियन, जर्मन अशा अल्पसंख्य समाजांचे होते. युद्धानंतरचा पोलंड जवळजवळ संपूर्णपणे पोलिश व कॅथोलिक झाला. त्या देशाच्या श्रद्धेचे आपण कौतुक करतो; परंतु या एकजिनसीपणामागे किती घरे ओस पडली, याचाही विसर पडू नये.

१९६५ साली, व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. सरकार संतापले, कित्येक भाविकही दुखावले. ज्यांची घरे जळाली त्यांनीच क्षमा का मागावी, हा त्यांचा प्रश्न अनाठायी नव्हता. तरीही समेटाची वाट तेथूनच मोकळी होत गेली. १९७० साली पश्चिम जर्मनीने नवी सीमा मानली, १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी तेथील धर्मप्रांतांची कायम रचना केली आणि १९९० साली एकीकृत जर्मनीने सीमाकरारावर स्वाक्षरी केली.

युद्ध सहा वर्षे चालले. त्याची सीमारेषा निश्चित होण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली.