गायतोंडे, वासुदेव संतू
(२ नोव्हेंबर १९२४–१० ऑगस्ट २००१). भारतीय चित्रकार. जन्म नागपूर येथे. कुटुंब मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ मध्ये पदविका. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला.

आरंभीच्या चित्रांत लघुचित्रशैलीची सपाट, उजळ रंगयोजना व मानवाकृती आढळतात. पॉल क्लेच्या अभ्यासाने रेषा सैल झाली आणि हळूहळू आकृती गळून पडली. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ हेच विशेषण ते योग्य मानीत. झेन विचाराचाही त्यांच्यावर प्रभाव होता. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले.

त्यांची शैली मुख्यतः तैलरंगाच्या हाताळणीतून घडली. कुंचल्याऐवजी रोलर व रंगसुरी वापरून ते रंगाचे पातळ थर एकावर एक चढवीत, काही ठिकाणी ते खरवडून काढीत; फाडलेल्या कागदाच्या साह्यानेही रंग कॅनव्हासवर उतरवीत. त्यामुळे खालचा रंग वरच्या थरातून झिरपल्यासारखा दिसतो. ही खोली छापील प्रतिकृतीत जवळजवळ नाहीशी होते, म्हणून मूळ चित्रे पाहण्याला पर्याय नाही. रंगवण्यापेक्षा विचारात अधिक काळ घालवणाऱ्या या चित्रकाराची निर्मिती संख्येने अल्प आहे. एकमार्गी साधनेचे त्यांच्याइतके ठळक उदाहरण आधुनिक भारतीय चित्रकलेत विरळाच.

१९७१ मध्ये पद्मश्री. १९७२ पासून वास्तव्य दिल्लीत. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले.