लेबकूखन : मध, क्षार आणि काल

ऊन केलेल्या मधात पीठ मळून, त्यास मसाल्यांचा संस्कार देऊन आणि क्षाराच्या योगाने फुगवून भाजलेले जे जर्मन बिस्किट, त्यास येथे लेबकूखन म्हटले आहे. या व्याख्येत मध हे प्रधान द्रव्य होय. मसाला पालटला तर केवळ स्वाद पालटतो; मधाऐवजी साखर योजली तर पुढील जवळजवळ प्रत्येक क्रिया निराधार होते.

लेबकूखनाचे दोन भेद मानावेत. (१) मेवाप्रधान : न्युरेंबर्गचे एलिझेनलेबकूखन. यात बदाम, हेझलनट व अक्रोड मिळून किमान २५ टक्के असावे लागतात आणि पीठ १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. (२) पिष्टप्रधान : पुल्सनित्झचे फेफरकूखन. आखेनचे प्रिंटन याच भेदाच्या सीमेवर येतात, कारण त्यांत मधाची जागा आता बीटच्या पाकाने घेतली आहे. पहिल्या भेदाचा विचार येथे कर्तव्य नाही.

मधात पाण्याचा अंश साधारणतः २० टक्क्यांहून कमी असतो व शर्करा अतिघन असते. अशा माध्यमात यीस्टची वाढ खुंटते. म्हणून फुगवणीसाठी क्षाराचा आश्रय घ्यावा लागतो. हे क्षार दोन असून त्यांचे कार्य भिन्न आहे. (अ) पोटॅश, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. यास आम्लाची अपेक्षा असते. ते पिष्टास आडवे पसरवते व त्याचा रंग गडद करते. (आ) पूर्वी हरणाच्या शिंगापासून काढला जाणारा अमोनियम क्षार. आपल्याकडील बेकऱ्यांत ज्याला नुसते ‘अमोनिया’ म्हणतात तो याच जातीचा. तो उष्णतेनेच विघटित होतो, अवशेष ठेवत नाही आणि पिष्टास उभे उचलतो. मात्र वायू बाहेर पडण्यास वाट हवी. पोळी जाड लाटली तर उग्र वास आतच कोंडतो. अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरची जाडी यासाठीच. ५०० ग्रॅम मैद्यास दोन्ही क्षार प्रत्येकी ५ ग्रॅम पुरेत. ते वेगवेगळ्या वाटीत, चमचाभर पाण्यात विरघळवावेत; एकत्र केल्यास पोटॅश अमोनियाला आधीच मुक्त करते आणि भट्टीसाठी काही उरत नाही.

पोटॅशला लागणारे आम्ल कोठून येते? काही अंश मधातच असतो. उरलेला काल निर्माण करतो. म्हणून मध पातळ होईपर्यंत तापवावा, उकळू नये, हाताला सोसेल इतका निवल्यावर मैदा मिसळावा आणि क्षार न घालता हे पिष्ट थंड जागी झाकून ठेवावे. घरी काही आठवडे पुरतात; व्यावसायिक ते महिनोन्‌महिने ठेवतात. या अवधीत तीन गोष्टी घडतात : ओलावा पिठात सर्वत्र समान होतो, चिवटपणा सैल पडतो, आणि मंद आंबणातून लॅक्टिक आम्ल साठते. ज्यांना ही प्रतीक्षा मान्य नाही त्यांनी अन्य बिस्किटे करावीत.

साठवलेला गोळा बाहेर काढल्यावर दगडासारखा असतो; सुरी रुतत नाही. त्याचे तुकडे करून ते खोलीच्या उष्णतेला येऊ द्यावेत आणि मगच दालचिनी, लवंग, वेलदोडा, धने, बडीशेप, जायपत्री यांची पूड व क्षारजल त्यांत मळावे. प्रथम पाणी वरच निसटते, पिष्ट चिकट होऊन फाटते, आणि बऱ्याच मर्दनानंतर एकाएकी गुळगुळीत होते.

मधातील फ्रुक्टोज लवकर तपकिरी होते व क्षार त्या क्रियेस वेग देतो. यास्तव १७० अंशांवर दहा-बारा मिनिटे पुरेत. मध्यभाग बोटाला मऊ लागत असतानाच ताट बाहेर काढावे, कारण निवताना काठिण्य वाढतेच.

निवलेले बिस्किट दाताला न जुमानणारे असते. हा दोष नव्हे, अपूर्णावस्था होय. फ्रुक्टोज आर्द्रता ओढून घेते. म्हणून बंद डब्यात सफरचंदाची फोड ठेवल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत ते मृदू होते. फोड दर दोन दिवसांनी बदलावी, अन्यथा बुरशी धरते.