क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथ

मेंदू व मज्जारज्जू यांवरील आवरणांना क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या यीस्टसदृश बुरशीच्या संसर्गाने येणारी दाहयुक्त सूज. कबुतरांच्या विष्ठेने दूषित मातीत आढळणारी ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसांत शिरते आणि प्रतिकारशक्ती खालावलेली असल्यास, विशेषतः एचआयव्हीबाधितांमध्ये सीडी-४ पेशींची संख्या दर घन मिलिमीटर रक्तात १०० च्या खाली गेलेली असल्यास, मेंदूपर्यंत पोहोचते.

जिवाणुजन्य मेंदूज्वर बहुधा काही तासांत किंवा दिवसांत बळावतो; हा मात्र दोन-तीन आठवडे डोकेदुखी व बारीक ताप यांच्या रूपाने रेंगाळतो, मान ताठरणे हे परिचित लक्षण पुष्कळदा आढळत नाही, आणि त्यामुळे रुग्ण वेदनाशामक गोळ्या घेत उशिरा रुग्णालयात येतो. तोवर उलट्या, दुहेरी दिसणे व गुंगी सुरू झालेली असते. पाठीच्या कण्यातून काढलेला मस्तिष्क-मेरुद्रव काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जाड, पारदर्शक वेष्टनाच्या गोल पेशी स्पष्ट दिसतात. प्रतिजन चाचणी याहून अधिक संवेदनशील असते.

या रोगात मस्तिष्क-मेरुद्रवाचा वाढलेला दाब दृष्टी व प्राण दोन्ही हिरावू शकतो. म्हणून हा द्रव कमरेतून पुन्हापुन्हा काढणे, नातेवाइकांना कितीही भीती वाटली तरी, औषधाइतकेच आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीची एकच मोठी मात्रा आणि तिच्या जोडीला १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल अशी उपचारपद्धती शिफारसली. आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या चाचणीत या उपचारानंतरही दहा आठवड्यांत सुमारे एक-चतुर्थांश रुग्ण दगावले. उपचाराविना हा रोग प्राणघातक ठरतो.