इन्व्हर्जन टेबल: उलटं लटकल्याने पाठदुखी जाते का?

इन्व्हर्जन टेबल म्हणजे माणसाला घोट्यांपाशी पकडून डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत नेणारी झुकती फळी. लोखंडी चौकटीच्या मधोमध एक आस असतो आणि त्यावर ही फळी सी-सॉसारखी फिरते. उभ्या फळीला पाठ टेकवायची, घोटे फोमच्या गुंडाळ्यांमध्ये अडकवायचे आणि हात हळूहळू डोक्याच्या दिशेने न्यायचे, की फळी मागे कलंडते. पाठीच्या कण्यावर दिवसभर वरून येणारा भार त्यामुळे निघतो आणि कणा उलट दिशेला ताणला जातो, अशी यामागची कल्पना आहे.

व्यायामशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं हे यंत्र आता मोबाइलवरच्या जाहिरातींतून घराघरात पोहोचलं आहे. ‘मणक्यातला गॅप भरून निघेल’, ‘ऑपरेशन टळेल’, ‘उंची वाढेल’ असे तीन दावे त्यात हमखास असतात. या तिन्हींत तथ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ते नीट तपासून घ्यायला हवेत.

कण्यावर भार येतो म्हणजे काय होतं?

पाठीचा कणा हा मणक्यांचा मनोरा आहे. बहुतेक मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बोलीभाषेत तिलाच गादी म्हणतात. अशा २३ चकत्या असतात. चकतीचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं आणि आतला गर पाणीदार. आपण उभे राहतो, बसतो, वाकतो तेव्हा भारामुळे या गरातलं पाणी थोडं थोडं बाहेर पडतं आणि रात्री आडवं झालं की परत आत येतं. त्यामुळे माणूस सकाळी रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो. टेबलवरून उतरल्यावर उंची मोजून दाखवणाऱ्या व्हिडिओंचं रहस्य एवढंच. वाढलेली उंची खरी असते, पण चालायला-फिरायला लागलं की ती उतरते.

चकतीचं कडं फाटून आतला गर बाहेर आला आणि त्याने शेजारच्या नसेवर दाब दिला, की कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. तीच सायटिका. ‘गादी सरकली’ असं म्हटलं जात असलं, तरी गादी बशीसारखी जागेवरून घसरत नाही, ती फुगते किंवा फुटते. ‘मणक्यात गॅप आलाय’ हा शब्दप्रयोग तर अगदीच उलटा. अशा रुग्णाच्या एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधली जागा बहुतेक वेळा कमी झालेली दिसते.

१९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत दाबमापक बसवून वेगवेगळ्या स्थितींतला दाब मोजला. उभं असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल होता, पाठीवर झोपल्यावर ०.१, आणि पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना २.३. एकाच माणसावरची ही मोजणी, पण जगभर तिचा दाखला दिला जातो. यातला एक अर्थ मात्र यंत्र विकणारे सांगत नाहीत. नुसतं पाठीवर आडवं पडल्याने चकतीवरचा चार-पंचमांश दाब उतरतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

टेबल नेमकं किती ताण देतं?

७० किलो वजनाचा माणूस पूर्ण उलटा लटकला तर त्याच्या कंबरेला ७० किलोचा ताण बसतो, हा समज चुकीचा आहे. कंबरेला खाली ओढतं ते तिच्यापलीकडचं, म्हणजे धड, हात आणि डोकं यांचं वजन. ते एकूण वजनाच्या साधारण निम्मं, म्हणजे ३५ किलोच्या आसपास. घोट्यांवर मात्र जवळपास सगळं वजन येतं, गुडघ्यांवर त्याहून थोडं कमी. गुडघेदुखी असलेला माणूस पाठीसाठी टेबल घेतो आणि पंधरा दिवसांत गुडघ्याची तक्रार घेऊन बसतो, त्याचं कारण हे गणित.

फळी जितकी कमी झुकेल तितका ताण कमी. आडव्या पातळीपासून डोकं ३० अंश खाली गेलं तर पूर्ण ताणाच्या निम्मा, ४५ अंशांना सुमारे ७० टक्के आणि ६० अंशांना ८७ टक्के. पाठ आणि फळी यांच्यातलं घर्षण त्यातलाही काही भाग खातं. पण ६० अंशांनंतर वाढणारा ताण थोडाच असतो आणि भीती व डोक्याकडे धावणारं रक्त मात्र बरंच वाढतं. म्हणून पूर्ण उभं उलटं लटकण्याचा हट्ट पाठीच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही.

यंत्राची खरी मेख उंचीच्या मापात असते. फळीची लांबी अशी लावायची की हात छातीवर असताना शरीराचा गुरुत्वमध्य आसाच्या पायांकडच्या बाजूला राहील आणि हात डोक्याकडे नेले की तो जेमतेम पलीकडे सरकेल. हे माप बरोबर असेल तर नुसत्या हातांच्या हालचालीने वर-खाली होता येतं. माप चुकलं तर फळी धाडकन उलटते आणि हात छातीवर आणले तरी परत येत नाही. एकाच घरात पाच फूट आणि पावणेसहा फूट उंचीची दोन माणसं टेबल वापरत असतील तर दर वेळी माप बदलावं लागतं, आणि नेमकं तेच केलं जात नाही. कोन मर्यादित ठेवण्यासाठी फळीला खालून बांधलेला पट्टा येतो. नवख्यांनी तो सोडू नये.

शिडीपासून बुटांपर्यंत

कण्यासाठी माणसाला उलटं टांगण्याची कल्पना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्येही होती. हिप्पोक्रॅटिसच्या नावावरच्या ‘सांध्यांविषयी’ या ग्रंथात, पाठीला कुबड आलेल्या माणसाला शिडीला बांधून, डोकं किंवा पाय खाली ठेवून, उंचावरून शिडीसकट आदळण्याच्या पद्धतीचं वर्णन आहे. पण ग्रंथकार तिच्यावर खूश नाही. जमलेल्या गर्दीला तोंडात बोट घालायला लावण्यासाठी वैदू लोक हे करतात, रुग्णाचं पुढे काय झालं याची त्यांना फिकीर नसते, अशा अर्थाची टीका तो करतो. आजची रील्स पाहणाऱ्याला ही टीका ओळखीची वाटेल.

आधुनिक लाट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियाचे डॉक्टर रॉबर्ट मार्टिन यांनी १९७० च्या दशकात घोट्यांना बांधायचे आकडेवाले बूट आणि दांडा अशी पद्धत लोकप्रिय केली. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गिअर असे बूट घालून उलटा लटकत व्यायाम करताना दिसला आणि ‘ग्रॅव्हिटी बूट’ची फॅशन आली. काही वर्षांतच, १९८३ च्या सुमारास, उलटं लटकताना रक्तदाब आणि डोळ्यांतला दाब वाढतो असं अमेरिकी डॉक्टरांच्या मोजण्यांत दिसलं, त्याच्या बातम्या झाल्या आणि लाट ओसरली. बुटांमध्ये स्वतःच्या पोटाच्या ताकदीवर वर यावं लागतं, तेवढी ताकद नसलेला माणूस अडकून बसतो. झुकत्या फळीने ही अडचण बरीचशी दूर केली. म्हणून बूट आज मोजक्या व्यायामपटूंकडे उरले आणि टेबल घरात आलं.

पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीत वेगळी वाट आहे. भिंतीतल्या कड्यांना दोर बांधून केल्या जाणाऱ्या शीर्षासनात दोर जांघेशी येतो आणि पाय दुमडून भिंतीला टेकलेले असतात. डोकं जमिनीला टेकत नाही, त्यामुळे मानेवर भार नाही, आणि घोटे-गुडघेही ओढले जात नाहीत. कंबरेला मात्र टेबलसारखाच ताण मिळतो. अर्थात हे शिक्षकाच्या नजरेखाली करायचं. घरी खिळा ठोकून आणि साडी बांधून करण्याचा हा प्रकार नव्हे.

ऑपरेशन टळतं का?

या दाव्यामागे एक खरा अभ्यास आहे. इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या डॉक्टरांनी, कंबरेच्या एकाच चकतीच्या त्रासामुळे शस्त्रक्रियेच्या यादीत असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फिजिओथेरपी, दुसऱ्याला फिजिओथेरपीसोबत उलटं टांगण्याचे उपचार. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटातल्या ७७ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया टळली, पहिल्या गटात हे प्रमाण २२ टक्के होतं.

आकडा घसघशीत आहे. पण जाहिराती एवढ्यावरच थांबतात. अभ्यासात सुरुवातीला घेतलेले रुग्ण होते अवघे २६, आणि उलटं टांगलेले १३. म्हणजे ७७ टक्के म्हणजे १० माणसं. आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे रुग्णांना माहीत होतं, आणि ‘आता बरं वाटतंय, ऑपरेशन नको’ हा निर्णय अशा वेळी मनावरही अवलंबून असतो. हा प्राथमिक अभ्यास आहे, असं संशोधकांनी शीर्षकातच म्हटलं होतं.

दुसऱ्या पारड्यात बरंच जास्त वजन आहे. कण्याला ताण देण्याच्या उपचारांवरच्या, म्हणजे ट्रॅक्शनवरच्या, ३२ चाचण्या आणि २७६२ रुग्णांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये घेतला. कंबरदुखीच्या वेदनेवर, हालचालीवर किंवा कामावर परतण्यावर ट्रॅक्शनचा परिणाम नगण्य किंवा शून्य, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन देऊ नये, असंच सांगितलं आहे. यांत्रिक ट्रॅक्शन आणि इन्व्हर्जन टेबल अगदी एक नाहीत, हा टेबलच्या बाजूचा युक्तिवाद. तो सिद्ध करायला मोठी चाचणी हवी.

मग टेबल वापरून ‘बरे झालेले’ इतके लोक भेटतात ते कसे? त्यांना खोटं ठरवण्याची गरज नाही. लटकल्यावर स्नायू सैलावतात, काही काळ हलकं वाटतं, हे खरं आहे. शिवाय सायटिकाचा त्रास बहुतेकांना काही आठवडे ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकतं. त्या काळात जो टेबल वापरतो तो टेबलचं नाव घेतो, जो तेल चोळून घेतो तो तेलाचं.

कण्याला जितका ताण तितकं चांगलं, हेही खरं नाही. अंतराळवीरांचा कणा वजनरहित अवस्थेत लांबतो, उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. त्यांतल्या अनेकांची याच काळात पाठ दुखते आणि पृथ्वीवर परतल्यावर चकती फाटण्याचा धोका वाढलेला असतो. फुगलेल्या चकतीवर एकदम भार आला की ती सोसत नाही. टेबलवरून उतरल्या उतरल्या सिलिंडर किंवा पाण्याची बादली उचलू नये, ती यासाठी.

कोणी वापरू नये?

सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना, आणि तो दिसत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी ७५ योगसाधकांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्यांतला दाब दुप्पट झालेला आढळला. निरोगी डोळा हे काही मिनिटं सोसतो. काचबिंदू असलेल्या डोळ्याच्या नसेला ते परवडणारं नाही, आणि काचबिंदू बराच काळ लक्षणं न दाखवता वाढतो. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः घरात कुणाला काचबिंदू असेल तर, टेबल घेण्याआधी डोळ्यांतला दाब तपासून घेणं शहाणपणाचं.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, डोळ्याचा पडदा सरकलेला असणं, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणं, गर्भारपण, ठिसूळ झालेली हाडं, कण्यात बसवलेले स्क्रू किंवा पट्ट्या, हायटस हर्निया आणि जोराचा ॲसिडिटीचा त्रास: यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं लटकू नये. बहुतेक टेबलांची वजनमर्यादा १३६ किलोच्या आसपास असते. स्वस्त टेबलवर लिहिलेल्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको, घोट्यांची पकड आणि तिची खीळ हातांनी ओढून पाहावी.

एकट्याने वापरू नये, ही सूचना उगीच घातलेली नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नटी पटी गुहेच्या चिंचोळ्या फटीत एक तरुण डोकं खाली अशा अवस्थेत अडकला आणि २७ तासांहून अधिक काळच्या बचावप्रयत्नांनंतरही दगावला. टेबलची काही मिनिटं आणि गुहेतला दिवस यांची तुलना होत नाही. पण कारण तेच आहे. पायांतल्या शिरांमध्ये रक्त खाली साचू न देणाऱ्या झडपा असतात, डोक्याकडच्या बाजूला तशी सोय नाही, आणि हृदयाला रक्त उलट दिशेने ओढत राहावं लागतं. खीळ अडकली आणि घरात कुणी नसेल तर टेबलवरची पाच मिनिटं पन्नास होऊ शकतात.

वापरायचंच असेल तर

पहिले काही दिवस १५ ते २० अंश आणि एक-दोन मिनिटं पुरे. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. सवय झाल्यावर कोन हळूहळू वाढवावा. उलट्या स्थितीत पोटाचे व्यायाम किंवा कंबरेला पीळ देणं हे दुखऱ्या पाठीचं काम नाही. त्यात चकतीवरचा दाब पुन्हा चढतो, म्हणजे लटकण्याचा हेतूच जातो. वर येताना फळी आडवी करून मिनिटभर थांबावं, नाहीतर उभं राहताच भोवळ येते. डोकं ठणकणं, नजर धूसर होणं, कळ पायात आणखी खाली उतरणं, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबावं.

आणि पाठदुखीसोबत लघवी-शौचावरचं नियंत्रण सुटलं, जांघेचा व बसायच्या जागेचा भाग बधिर झाला किंवा पाय झपाट्याने लुळा पडू लागला, तर टेबल, गोळी, मालिश यांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं. कण्याच्या तळाशी असलेल्या नसांचा गुच्छ दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत, आणि तिथे शस्त्रक्रियेला होणाऱ्या काही तासांच्या उशिराचीही किंमत मोजावी लागते.