परिचालन प्रणालींची निवड : व्यक्तिगत संगणक (१९८१–९५)

संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरणाऱ्याच्या कामाच्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून स्मृती, चकत्या, कळफलक, मुद्रक इत्यादींचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसंचास परिचालन प्रणाली म्हणतात. एका प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली सामान्यतः दुसरीवर जशीच्या तशी चालत नाही. त्यामुळे प्रणाली निवडली की तिच्यासाठी उपलब्ध असलेल्या आज्ञावल्या, साठविलेली माहिती व वापरणाऱ्याने मिळविलेला सराव यांचीही निवड आपोआप होते. १९८१ ते १९९५ या काळात व्यक्तिगत संगणकांच्या क्षेत्रात झालेल्या स्पर्धेत याचा प्रत्यय आला. त्या स्पर्धेचा निकाल तांत्रिक गुणावगुणांपेक्षा किंमत, उपलब्धतेची वेळ, कराराच्या अटी आणि आज्ञावल्यांचा साठा यांवर अधिक अवलंबून राहिला.

पार्श्वभूमी : गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात इंटेल कंपनीच्या ८०८० या सूक्ष्मप्रक्रियकासाठी सीपी/एम ही प्रणाली तयार केली. तिच्यातील यंत्रसापेक्ष भाग पुढे वेगळा काढण्यात आला. त्यामुळे तेवढा भाग बदलून निरनिराळ्या उत्पादकांच्या संगणकांवर ती चालविता येऊ लागली आणि १९८० च्या सुमारास व्यावसायिक वापराच्या सूक्ष्मसंगणकांत ती जवळजवळ प्रमाणभूत ठरली. वर्डस्टार हा प्रसिद्ध मजकूर-संपादकही प्रथम तिच्यासाठीच उपलब्ध झाला होता.

१९८० मध्ये आयबीएम या कंपनीने फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे व्यक्तिगत संगणकाचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी इंटेलचा ८०८८ हा प्रक्रियक निवडण्यात आला. परंतु त्यावर चालणारी सीपी/एमची आवृत्ती त्या वेळी तयार नव्हती. आयबीएमचे प्रतिनिधी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च या कंपनीत गेले, तेव्हा गोपनीयतेच्या करारावरून अडचण निर्माण झाली. किल्डॉल विमान उडविण्याच्या हौसेपायी संधी गमावून बसले, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. त्या भेटीसंबंधीच्या संबंधितांच्या हकिगती मात्र परस्परांशी जुळत नाहीत. स्पर्धेचा निकाल त्या एका भेटीने लागला असे मानणेही योग्य नाही, कारण सीपी/एमचे दार आयबीएमच्या संगणकास कायमचे बंद झाले नव्हते.

डॉसचा उदय : सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीने इंटेलच्या ८०८६ प्रक्रियकावर आधारलेला संगणक तयार केला होता. सीपी/एमच्या नव्या आवृत्तीस विलंब होत असल्याने त्या कंपनीतील टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये स्वतंत्र प्रणाली लिहिली. सीपी/एमवरील आज्ञावल्या थोड्या श्रमाने रूपांतरित करता याव्यात, म्हणून तिची रचना काही बाबतींत सीपी/एमशी मिळतीजुळती ठेवण्यात आली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने प्रथम तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये तिचे सर्व हक्क विकत घेतले. हीच प्रणाली आयबीएमला पुरविण्यात आली. सीपी/एमशी असलेल्या साम्याबद्दल किल्डॉल यांनी आक्षेप घेतल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ ही प्रणालीही विक्रीस ठेवण्याचे मान्य केले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा व्यक्तिगत संगणक जाहीर झाला, तेव्हा ग्राहकापुढे कागदोपत्री तीन पर्याय होते : पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेली पी-प्रणाली. पी-प्रणालीवरील आज्ञावल्या भिन्न संगणकांवर फारसा बदल न करता चालत, परंतु त्यांचा वेग कमी असे. सीपी/एम-८६ प्रत्यक्षात १९८२ मध्ये उपलब्ध झाली. तिची किंमत २४० डॉलर होती, तर पीसी-डॉस ४० डॉलरांस मिळत असे. दोहोंच्या कार्यक्षमतेत किमतीएवढे अंतर नव्हते. अशा स्थितीत बहुसंख्य ग्राहकांनी डॉस घेतली आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांनी त्यांचे अनुकरण केले. जानेवारी १९८३ मध्ये विक्रीस आलेला लोटस १-२-३ हा हिशेबी तक्त्यांचा कार्यक्रम डॉससाठी होता. तो वापरता यावा म्हणून अनेकांनी संगणक खरेदी केला.

करारातील एक तरतूदही निर्णायक ठरली. डॉस इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला होता. कॉम्पॅक कंपनीचा आयबीएमशी सुसंगत असा संगणक १९८३ मध्ये बाजारात आला आणि त्यानंतर तशा संगणकांची संख्या झपाट्याने वाढली. हे संगणक बहुधा एमएस-डॉससहच विकले जात. म्हणजे निवड ग्राहकाऐवजी उत्पादक करू लागला. डिजिटल रिसर्चने १९८८ मध्ये डॉसशी सुसंगत अशी डीआर-डॉस ही प्रणाली काढली. तथापि प्रत्येक संगणकामागे, मग त्यात कोणतीही प्रणाली असो, मायक्रोसॉफ्टला शुल्क देण्याचे करार अनेक उत्पादकांनी केले होते. दुसरी प्रणाली घेणाऱ्यास त्यामुळे दुहेरी खर्च पडे. अमेरिकेच्या न्याय खात्याशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार मायक्रोसॉफ्टने असे करार बंद करण्याचे मान्य केले. परंतु तोपर्यंत बाजारपेठेचे स्वरूप ठरून गेले होते.

ओएस/२ आणि विंडोज : डॉसच्या मर्यादा ओळखून आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी संयुक्तपणे ओएस/२ ही प्रणाली विकसित केली व ती डिसेंबर १९८७ मध्ये उपलब्ध झाली. एका वेळी अनेक कामे चालविणे आणि एका आज्ञावलीच्या चुकीपासून दुसरीचे संरक्षण करणे, या बाबतींत ती डॉसपेक्षा सरस होती. मात्र तिला अधिक स्मृती लागे. उलट मे १९९० मध्ये आलेली विंडोज ३.० ही डॉसवरच चाले व जुन्या आज्ञावल्याही वापरता येत. यानंतर दोन्ही कंपन्यांचे मार्ग वेगळे झाले. १९९२ मधील ओएस/२ च्या दुसऱ्या आवृत्तीवर डॉस व विंडोज यांच्या आज्ञावल्या चालू शकत. हा गुणच तिला अंशतः बाधक ठरला, कारण तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञावल्या लिहिण्याचे कारण उरले नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ प्रसिद्ध झाल्यावर सामान्य ग्राहकांपुरती ही स्पर्धा संपुष्टात आली. काही बँकांच्या यंत्रांत ओएस/२ टिकून राहिली. आयबीएमने २००६ अखेर तिचा पाठिंबा थांबविला.

परिणाम : बहुसंख्यांच्या प्रणालीभोवतीच पुढील कार्य गोळा होते, हे भारतीय भाषांच्या बाबतीतही दिसून येते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेले व पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने वाढविलेले जिस्ट तंत्र कार्डाच्या रूपाने संगणकात बसविले, की डॉसवरील आज्ञावल्यांतून देवनागरीत काम करता येई. अन्य प्रणाली निवडणाऱ्या मराठी वापरकर्त्यास ही सोय सहजासहजी मिळत नसे. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय मूळ प्रणालीतच करण्यात आली.

मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदविलेल्या निष्कर्षांत, आज्ञावल्यांचा विपुल साठा हाच नव्या प्रणालींच्या प्रवेशातील मोठा अडसर असल्याचे म्हटले. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सने किंमत आणि करार हे दोन अडसर दूर केले. तिच्यावर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली प्रगत संगणन विकास केंद्राने २००७ मध्ये उपलब्ध करून दिली. तिसरा अडसर, म्हणजे आज्ञावल्या व सवय यांचा, मात्र विनामूल्य प्रणालीलाही सहज ओलांडता आला नाही. या इतिहासावरून असे दिसते, की प्रणालींच्या निवडीस खरा वाव आरंभीची थोडी वर्षेच असतो; त्यानंतर येणारा ग्राहक बहुधा आधीच्यांनी केलेली निवड स्वीकारतो.